एक आणा गच्ची

सकाळचे साडेदहा झालेत. पार्किंगमध्ये मांडलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांपैकी निम्म्या रिकाम्या आहेत. इतिवृत्ताची वही मांडीवर घेऊन मी तारीख घालते : ३१ मे, रविवार. सभेची वेळ दहाची होती. दहाला मी, अध्यक्ष आणि मीटरच्या खोलीपाशी झोपलेलं कुत्रं, एवढेच हजर होतो. म्हणून मी लिहिलं, ‘गणपूर्तीअभावी सभा अर्धा तास तहकूब.’ तहकूब सभेनं तिथंच बसून चहा घेतला. आता तीच सभा त्याच खुर्च्यांवर पुन्हा सुरू होते आहे.

सावेडीत पाइपलाइन रोडच्या आतल्या गल्लीतली ही इमारत. चार मजले, मजल्याला तीन सदनिका, त्यातली एक मोठी आणि दोन लहान. रस्त्याकडच्या बाजूला दोन गाळे, एकात पिठाची गिरणी, एकात मेडिकल. सगळे मिळून चौदा मालक. आमच्याकडे माणसांना आडनावं कमी आणि नंबर जास्त आहेत. ‘चारशे दोननं मोटर बंद केली नाही,’ ‘एकशे एकची गाडी आडवी लागलीय,’ असं आम्ही बोलतो. मी तीनशे एक. सचिव झाले ती केवळ बँकेत होते आणि अक्षर बरं आहे म्हणून.

अध्यक्ष दोनशे तीन. एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त. उद्या एक जून, म्हणजे १९४८ साली पहिली एसटी पुणे-नगर मार्गावर धावली तो दिवस. हे ते दर वर्षी या सभेत सांगतात. आज सुरुवातीलाच सांगून मोकळे होतात आणि मला म्हणतात, “घ्या मॅडम, पहिला विषय.”

पहिला विषय हिशेब. सदनिकांचे महिना आठशे, गाळ्यांचे चारशे. लिफ्टची एएमसी, जिन्यातले दिवे, मोटरचं बिल, झाडणाऱ्या मावशींचा पगार. शिल्लक एकतीस हजार. “मंजूर?” “मंजूर.” दीड मिनिटात वर्ष संपतं.

दुसरा विषय पाण्याचा. इथे खुर्च्या पुढे सरकतात.

दोन बोअर आहेत. जुना तीनशे फुटांचा, तो केव्हाच आटला. दुसरा साडेचारशेचा, तो गेल्या पंधरवड्यापासून पाच मिनिटं पाणी आणि मग नुसती हवा टाकतो. नळाला पाणी दिवसाआड. परवाच्या वादळात वीज गेली आणि कालची पाळी हुकली. नगरचं पाणी राहुरी तालुक्यातल्या मुळा धरणातून उपसून, ढकलत ढकलत वर आणावं लागतं. वाटेत कुठंही वीज गेली की इथल्या हौदाचा तळ दिसतो. पाइपलाइन रोडवर राहून टँकरला फोन करण्यातली गंमत आता आम्हाला वाटेनाशी झालीय.

“तिसरा बोअर घ्या. सहाशे फूट,” चारशे दोन म्हणतात. ते खजिनदार आहेत.

“आणि तिथंही नाही लागलं तर?”

“तर आठशे.”

हौदाच्या सिमेंटच्या झाकणावर चारशे एकचे आबा बसलेत. मुलाच्या नावावर सदनिका आहे, आबांच्या नावावर पाथर्डी तालुक्यातली जिरायत. खुर्ची दिली तरी ते घेत नाहीत. त्यांना मत नाही, पण झाकण त्यांचंच.

“आमची हीर सामाईक होती,” ते कुणाकडेही न बघता म्हणतात. “चौघा भावांत. सातबाऱ्यावर नाव लागलेली. पाळ्या ठरल्या होत्या. भांडण व्हायची, नाही असं नाही. मग एकानं रागात सोताचा बोअर घेतला. मग दुसऱ्यानं. मग चौघांचं चार. दोन वर्सं बक्कळ पाणी. आता हीर बी कोरडी न चारी बोअर बी कोरडं.”

कोणी काही बोलत नाही. चारशे दोन मोबाइलमध्ये बघतात. इथून सोळा-सतरा किलोमीटरवर हिवरेबाजार आहे. त्या गावात शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी आहे आणि यंदा किती पाणी मुरलं ते मोजून कोणतं पीक घ्यायचं ते गाव ठरवतं. देशभरातली माणसं ते बघायला येतात. आमच्या चौदा जणांतून तिथं किती गेलेत, हे विचारायची मला इच्छा होते, पण मी स्वतःच गेलेली नाही. ‘बोअरचा विषय सविस्तर चर्चेअंती पुढील सभेत घेण्याचे ठरले,’ असं लिहिते. इतिवृत्ताच्या भाषेत ‘सविस्तर चर्चा’ म्हणजे एका म्हाताऱ्याची पाच वाक्यं आणि नंतरची शांतता.

तिसरा विषय म्हणजे गच्ची. खाली पाणी नाही म्हणून रडायचं आणि वरून पाणी येतं म्हणूनही. मृग आठवड्यावर आलंय. गेल्या पावसाळ्यात चारशे एकच्या देवघरात छतातून ठिबकलं, चारशे तीनच्या काकूंच्या स्वयंपाकघरात भिंतीला ओल धरली, आणि ती ओल भिंतीतल्या भिंतीत उतरत तीनशे तीनपर्यंत पोचली. कोबा ठिकठिकाणी फुगलाय. दोघा ठेकेदारांनी बघून दर दिलेत. एकजण म्हणतो, पत्र्याचं शेड टाका, गच्चीचा विषयच मिटवा. सावेडीत हल्ली निम्म्या इमारतींनी तशी टोपी घातलीय. दुसऱ्याचं म्हणणं, जुना कोबा फोडा, उतार नीट काढा, नव्यानं कोबा आणि वर कोटिंग. दोन लाख चाळीस हजार. आम्ही दुसऱ्याकडे झुकलोय, कारण काकू म्हणाल्या की पत्र्याखाली कुरडया वाळत नाहीत.

“चौदानं भागा,” अध्यक्ष म्हणतात. खजिनदार भागतात. “सतरा हजार एकशे बेचाळीस. आणि वर काही पैसे.”

तेवढ्यात गिरणीवाले येतात. गिरणी तशीच चालू ठेवून आलेत. भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर, पायांवर सगळीकडे पीठ. खुर्चीत न बसता खांबाला टेकतात आणि खांबावर पांढरा खांदा उमटतो.

“मला यातून वगळा,” ते म्हणतात. “अकरा वर्षं झाली मला इथं. लिफ्टमध्ये पाय टाकला नाही. गच्ची कशी दिसते माहीत नाही. माझ्या डोक्यावर एकशे एक आहेत, गच्ची नाही. माझ्या दुकानात थेंब गळत नाही. तरी चारशे देतोच की.”

यात चुकीचं काय, असं निदान तीन चेहऱ्यांवर दिसतं. मीही आठवडाभरापूर्वीपर्यंत असंच म्हटलं असतं. पण मधल्या काळात मला घरकर्जाच्या जुन्या फायलीत एक कागद सापडलाय, आणि तो आता तीनशे दोनच्या हातात आहे. तीनशे दोन जिल्हा न्यायालयात वकिली करतो, तिशीचा आहे, आणि त्याला सगळे ‘वकीलसाहेब’ म्हणतात ते अर्धं चेष्टेनं.

“ही आपली डीड ऑफ डिक्लरेशन. घोषणापत्र,” तो म्हणतो. “आपण सगळे ‘सोसायटी, सोसायटी’ म्हणतो ना, तर आपली सोसायटी नाहीच. सोसायटी असती तर सहकाराच्या १९६० च्या कायद्याखाली नोंदवली असती. आपलं अपार्टमेंट आहे. १९७० चा महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप ॲक्ट.”

“त्यानं काय फरक पडतो?” एकशे एक विचारतात.

“पैशाचा.”

आता सगळे ऐकतात.

सोसायटीत इमारत आणि जमीन सोसायटीची, आपण सभासद, आणि झाडलोट, वॉचमन, जिन्यातले दिवे असला खर्च सगळ्यांना सारखा. अपार्टमेंटमध्ये ज्याची सदनिका त्याची, आणि शिवाय जमीन, जिना, लिफ्ट, हौद, गच्ची या सामाईक गोष्टींत प्रत्येकाचा अविभक्त हिस्सा. तो हिस्सा टक्क्यांत घोषणापत्रात लिहिलेला असतो, आणि सामाईक खर्च त्याच टक्क्यांनी वाटायचा. सगळ्यांच्या संमतीशिवाय ते टक्के बदलता येत नाहीत. मी ती वस्तू वापरत नाही, म्हणून मी पैसे देणार नाही, हे कायद्याला चालत नाही. सदनिका विकली तरी थकबाकी मागं राहत नाही, सदनिकेला चिकटून राहते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये पुण्यातल्या साडेतीनशेहून जास्त सदनिकांच्या एका संकुलाच्या वादात मुंबई उच्च न्यायालयानंही हेच धरलं : कॉन्डोमिनियम असेल तर देखभालीचा खर्च हिश्श्याच्या प्रमाणात, समसमान नाही.

“कॉन्डो काय?” काकू विचारतात.

“कॉन्डोमिनियम. म्हणजे हेच. आपण.”

काकू क्षणभर आजूबाजूला बघतात, गाड्या, सायकली, ठेकेदारानं ठेवून दिलेलं वाळूचं पोतं. आपण हे आहोत तर, अशा नजरेनं.

वकील शेवटचं पान काढतो. कागद मूळ दस्ताच्या वेळचा, त्यावर अहमदनगर. २०२४ पासूनच्या कागदांवर अहिल्यानगर येतं. बोलताना दोन्ही वेळा आम्ही नगरच म्हणतो. “वाचतो. मोठ्या सदनिका, चार, प्रत्येकी साडेनऊ टक्के. लहान सदनिका, आठ, प्रत्येकी सहा पूर्णांक पंचवीस. गाळे दोन, प्रत्येकी सहा.”

“सव्वासहा?” झाकणावरून आवाज येतो.

“हो आबा. सव्वासहा टक्के.”

“म्हंजी एक आणा.”

वकील थांबतो. मी मनात सव्वासहाला सोळानं गुणते. शंभर. बँकेत बत्तीस वर्षं काढून हे माझ्या लक्षात आलेलं नव्हतं.

“ल्हान्यांचा एक आणा. मोठ्यांचा दीड आण्याच्या वर जराक. न गिरणीचा आण्याला कमी,” आबा बोटांच्या पेरांवर मोजतात. “आमच्या हिरीत बी असंच. थोरल्याचं सहा आणं, माझं चार, धाकट्यांचं तीन-तीन. गाळ काढायचा झाला का ज्याचं जेवढं आणं तेवढं पैसं. त्या साली त्यानं पीक घेतलं का नाही, इचारायचं नाही. हीर त्याची हाये ना? मग.”

कॉन्डोमिनियम काकूंना जेवढं समजलं नव्हतं तेवढं आता सगळ्यांना समजलेलं दिसतं. इथं बसलेल्यांपैकी निम्म्यांच्या सातबाऱ्यावर कुठं ना कुठं सामाईक विहीर आहे किंवा होती. कुणाची जामखेडला, कुणाची शेवगावला. ‘विहिरीत चार आण्याचा हिस्सा’ हे शब्द लहानपणापासून कानावर पडलेले. फक्त त्या विहिरीला लिफ्ट नव्हती.

“एक फरक आहे पण,” वकील हसत म्हणतो. “विहिरीची, जमिनीची वाटणी मागता येते. इथं सामाईक भागाची वाटणी मागायला कायद्यानं बंदी आहे.”

“बरंय,” आबा म्हणतात. “आमाला बी कुणी बंदी घालाया पायजे होती.”

खजिनदार पुन्हा गणित घालतात. दोन लाख चाळीस हजारांत एक आणा म्हणजे पंधरा हजार. लहान सदनिकांचे चेहरे उजळतात. मोठ्यांना बावीस हजार आठशे. गाळ्यांना चौदा हजार चारशे. मी वहीच्या कडेला पेन्सिलीनं वजाबाकी करते. कागद शोधून देण्याचं माझं बक्षीस : पाच हजार सहाशे सत्तावन्न रुपयांचा जादा भुर्दंड. एकशे एकनंही तीच वजाबाकी केलीय, आणि ते माझ्याकडे बघतात.

“मॅडम, अकरा वर्षं नव्हता हा कागद, तर आत्ताच कशाला?”

“कागद होताच,” मी म्हणते. “आपण वाचला नव्हता.”

“माझ्या घरात गळत नाही. मी पहिल्या मजल्यावर. मला साडेनऊ टक्के?”

“गळायला लागलं की पोचेल की खाली,” तीनशे तीन म्हणते. ती कमी बोलते, पण ओल तिच्यापर्यंत पोचलेली आहे.

यानंतर वीस मिनिटं जे होतं ते मी वहीत लिहीत नाही. पार्किंगचे पट्टे कुणी आणि कधी मारले, कुणाच्या बारशाचा मांडव तीन दिवस राहिला, चारशे दोनच्या कुंड्यांचं पाणी कुणाच्या वाळत घातलेल्या चादरीवर पडलं, हे सगळं बाहेर येतं. दोनशे एक पुण्याहून व्हिडिओ कॉलवर आहेत. त्यांचा चेहरा गोठतो, मग नुसता आवाज येतो, मग तोही जातो. एकशे तीनचा भाडेकरू मुलगा हात वर करून म्हणतो, “मी बोलू का?” “भाडेकरूला मत नाही,” अध्यक्ष म्हणतात. “मत नाही, चहा कुणाला हवाय एवढंच विचारत होतो.” तो सगळ्यांना चहा आणतो. आजच्या सभेतलं एकमेव काम जे ठरलं आणि झालं.

“मतदान घ्या,” अध्यक्ष म्हणतात. “काम करायचं आणि खर्च टक्क्यांनी वाटायचा. हात वर.”

सात हात वर येतात. हजर मालक नऊ. अध्यक्ष समाधानानं मान हलवतात. “बहुमत. लिहा.”

“थांबा काका,” वकील म्हणतो. “इथं डोकी मोजायची नाहीत. टक्के मोजायचेत. बहुमत म्हणजे घोषणापत्रातल्या टक्क्यांनी एकावन्न.”

हे मात्र सगळ्यांना खटकतं. मलाही. लोणी-प्रवरेचा साखर कारखाना १९५० साली ज्या जिल्ह्यात उभा राहिला, जिथं पतपेढी, दूधसंघ, कारखाना यांच्या निवडणुका आम्ही लग्नसराईसारख्या साजऱ्या करतो, तिथं एक सभासद एक मत हे अंगात मुरलंय. शंभर टन ऊस घालणारा आणि दहा टन घालणारा, दोघांचा शिक्का एकच. आणि आता म्हणे माझा हात दीड हाताचा. घर मोठं घेतलं म्हणून मतही मोठं, हे मला फायद्याचं असूनही पटत नाही. पण कागदावर तेच आहे.

खजिनदार कॅल्क्युलेटर काढतात. “तीनशे एक आणि चारशे एक, एकोणीस. लहान पाच, सव्वाएकतीस. एकूण पन्नास पूर्णांक पंचवीस.”

“म्हणजे?”

“म्हणजे पाऊण टक्का कमी.”

पुण्याला फोन लागत नाही. एकशे दोन आणि दोनशे दोनला कुलूप. एकशे तीनचे मालक नाशिकला, फोन उचलत नाहीत. मेडिकलवाला गल्ला सोडून येऊ शकत नाही, त्यानं निरोप पाठवलाय की बाकीचे म्हणतील तसं. “निरोपाला टक्के नाहीत,” वकील म्हणतो. एकशे एकचे हात घडी घातलेले, ते सुटणार नाहीत हे त्यांच्या कोपरांवरूनच कळतं.

आणि मग हळूहळू सगळ्यांच्या माना खांबाकडे वळतात.

गिरणीवाल्यांना ते कळायला एक क्षण लागतो. “माझे किती म्हणालात? सहा?” ते खजिनदारांना विचारतात. “माझे सहा आले तर किती होतात?”

“सव्वाछप्पन.”

“आणि नाही आले तर?”

“तर पाऊस.”

अकरा वर्षांत या माणसाला कुणी सभेत खुर्ची पुसून दिली नव्हती. आता चारशे दोन खुर्ची पुसतात. ते बसत नाहीत. ओठांवरचं पीठ पुसतात, खांबापासून सुटतात. “चौदा हजार चारशेची वस्तू घ्यायची, तर आधी बघू तरी. गच्ची दाखवा.”

लिफ्टचं बटण दाबलं जातं. तिला पाचाहून जास्त माणसं चालत नाहीत, आणि दार उघडल्यावर गिरणीवालेच म्हणतात, “नको, जिन्यानं जातो. लिफ्टमध्ये पाय टाकला नाही म्हणालोय, शब्द राहू दे.” सगळी सभा त्यांच्या मागून जिना चढते. पायरीपायरीवर पांढरं पाऊल उमटत जातं, मावशी उद्या काय म्हणतील ते दिसतंच आहे. दुसऱ्या मजल्यावर ते थांबून श्वास घेतात. तिसऱ्यावर माझ्या दारातल्या रांगोळीकडे बघून म्हणतात, “तुम्ही होय इथं राहता? तुमचे गहू दर महिन्याला दळतो मी.” चौथ्यावरचं लोखंडी दार करकरत उघडतं आणि डोळ्यांवर ऊन आदळतं.

गच्ची आज भरलेली आहे. एका बाजूला सोलरच्या नळ्या, डिशच्या गंजक्या छत्र्या, दोन टाक्या. उरलेल्या अर्ध्या गच्चीवर धोतरं आणि जुन्या साड्या अंथरून काकूंच्या कुरडया. वर्षाच्या शेवटच्या. एक घाणा काल घातलाय, एक आज पहाटे, आणि पहाटेचा अजून ओला, चिकाचा आंबूस वास सुटलेला. पूर्वेला उन्हाच्या धुरकटात डोंगरावर चांदबीबी महाल दिसतो. खरं तर ती सलाबतखानाची कबर आहे, पण नगरला ते कुणी म्हणत नाही. गिरणीवाले कठड्याशी जाऊन दोन मिनिटं तिकडेच बघत उभे राहतात.

“इथून दिसतं होय,” ते म्हणतात. “खाली दिवसभर समोरची भिंत दिसते.”

मग ते कामाला लागतात. बसून फुगलेल्या कोब्यावर बोटाच्या गाठीनं टकटक करतात, पोकळ आवाज येतो. एका फटीत अंगठ्याचं नख घालतात, ते पेरापर्यंत आत जातं. पावसाच्या पाण्याच्या जाळीपाशी जाऊन वाकतात. जाळीच्या तोंडाशी कुरडयांचा चुरा आणि कबुतरांची पिसं. “हे आधी साफ करा. कुणाचं काम आहे?” कुणीच उत्तर देत नाही. ते स्वतःच हातानं जाळी मोकळी करतात आणि हात धोतराच्या टोकाला पुसणार, तोच काकू, “अहो, ते माझं धोतर!”

ते उठून गच्चीच्या मधोमध येतात. कमरेवर हात ठेवून एकदा सगळीकडे नजर फिरवतात, शेतकरी नव्या घेतलेल्या वावरात उभा राहतो तशी.

“वकीलसाहेब, यातले माझे सहा टक्के कुठले?”

“तसं दाखवता येत नाही,” वकील सुरू करतो. “अविभक्त म्हणजे असं, की प्रत्येक चौरस फुटात तुमचे सहा, यांचे सव्वासहा, मॅडमचे साडेनऊ...”

“प्रत्येक फुटात?”

“प्रत्येक फुटात.”

“म्हणजे या कुरडयांच्या खालच्यातही?”

“त्यातही.”

गिरणीवाले ते बघायला एक पाऊल पुढं टाकतात. त्याच वेळी खालून, चार मजले खालून, आबांचा आवाज येतो, “पाणी आलं! नळाला पाणी आलं!” झाकणावर बसलेल्या माणसाला ते सगळ्यात आधी ऐकू आलंय. खजिनदार मोटरकडे धावतात, त्यांच्या मागे एकशे एक, त्यांच्या मागे अर्धी सभा. वही हातात तशीच. ‘सूचक’समोर आणि ‘अनुमोदक’समोर अजून रेघ आहे. मी गिरणीवाल्यांकडे बघते. हात वर करायचा का नाही, ते त्यांनी अजून सांगितलेलं नाही. त्यांचा एक पाय उचललेला आहे आणि खाली कुठं टेकायचा ते ते शोधताहेत.

“तुमचे सहा असोत की सात,” काकू म्हणतात, “कुरडयांवर पाय देऊ नका. पहाटेच्या ओल्या आहेत.”